'तेलाचा साठा सापडला' अशी बातमी आली की नेमकं काय काय बघायचं

व्हॉट्सॅपवर अधूनमधून कुणीतरी टाकतंच, 'अरबी समुद्रात तेलाचा प्रचंड साठा, भारत मालामाल', आणि गोव्याच्या ग्रुपवर असलं काही आलं की पुढचा मेसेज ठरलेला, मग आपल्याकडे पण निघणार काय? तर असली बातमी कशी वाचायची ते सांगतो, भूवैज्ञानिक ज्या क्रमाने काम करतात त्याच क्रमाने गेलं की बऱ्याच बातम्यांची हवा तिथेच जाते.

पहिलं बघायचं खडक कुठला. तेलाला लागतो गाळाचा खडक, म्हणजे चिखलासोबत मेलेले सूक्ष्मजीव गाडले गेले पाहिजेत आणि मग साधारण 60 ते 120 डिग्री सेल्सिअसला लाखो वर्षं शिजले पाहिजेत, त्याहून जास्त तापलं की गॅस, आणि अजून तापलं की काहीच हाती लागत नाही. आता डिचोली, सत्तरी, सांगेकडे जांभ्याखाली जो दगड आहे, ज्यातून आपलं लोहखनिज येतं, तो फार म्हणजे फारच जुना आणि दाबाने-उष्णतेने पार बदलून गेलेला, त्यात तेल असतं तरी कधीच ग्रॅफाइट झालं असतं. त्यामुळे जमिनीवर विषय संपला. समुद्रात मात्र गाळ आहे, त्या पट्ट्याला केरळ-कोकण बेसिन म्हणतात, पण सरकारी वर्गवारीत तो तिसऱ्या वर्गात आहे, म्हणजे शक्यता धरलीय पण धंदा होईल असं काही अजून सापडलेलं नाही. कुठलं बेसिन कुठल्या वर्गात ते हायड्रोकार्बन महासंचालनालयाच्या साइटवर दिसतं, बातमी आली की आधी तिथे जाऊन बघा.

इथे एक गोष्ट मध्येच सांगून टाकतो. मे-जूनच्या आसपास कलंगुट, कोलव्याला पायाला डांबराचे गोळे चिकटतात, ते बघून लोक म्हणतात बघा, खाली तेल आहे! खाली नाही हो. कच्च्या तेलात जुन्या जिवांच्या अवशेषांचे काही रेणू टिकून राहतात, होपेन वगैरे, आणि प्रत्येक तेलात त्यांचं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे गोळ्याचं तेल कुठल्या तेलाशी जुळतं ते लॅबमध्ये कळतं. दोनापावलाच्या एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या लोकांनी हे काम केलंय, त्यात टँकर धुऊन समुद्रात सोडलेलं तेल आणि मुंबईसमोरच्या समुद्रातल्या मुंबई हाय या तेलक्षेत्राकडचं तेल, दोन्ही निघालंय. हीच पद्धत शोधमोहिमेत उलटी वापरतात, विहिरीतलं तेल कुठल्या खडकात शिजलं ते शोधायला.

दुसरं, सर्व्हे झालाय की विहीर खोदलीय? दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक. सर्व्हेचं जहाज मागे काही किलोमीटर लांब केबल ओढतं, एअरगनने पाण्यात आवाजाचा धक्का देतात आणि खालच्या थरांवरून आलेले पडसाद नोंदवतात. पडसाद यायला 2 सेकंद लागले आणि खडकात आवाजाचा वेग सेकंदाला सरासरी 3,000 मीटर धरला, तर जाऊन-येऊन म्हणून अर्धं करायचं, थर 3,000 मीटरवर. वेग चुकला की खोलीही चुकली. त्यात आपल्या बाजूला काही ठिकाणी गाळाच्या मध्ये बेसॉल्ट, म्हणजे लाव्हाचा काळा दगड आहे, तो बराचसा आवाज वरच परतवतो, खालचं चित्र धूसर. गॅस असला की पडसाद ठळक येतो हे खरं, पण जरासा गॅस असला तरी तितकाच ठळक येऊ शकतो! म्हणून नुसत्या सर्व्हेवर 'सापडलं' लिहिलं असेल तर पुढे वाचायची गरज नाही.

विहीर खोदली असेल तर मजा येते. खोदताना विहिरीत चिखल फिरवत असतात, त्यासोबत वर आलेला खडकाचा चुरा धुऊन ट्रेमध्ये अतिनील दिव्याखाली धरतात, तेल असलं की पिवळसर-निळसर चमकतं. मग विहिरीत यंत्रं सोडून लॉग, म्हणजे खोलीप्रमाणे खडकाच्या नोंदी घेतात, खारं पाणी वीज सहज वाहू देतं आणि तेल देत नाही, त्यावरून छिद्रांत काय भरलंय ते कळतं. शेवटी टेस्ट, प्रत्यक्ष किती वाहतंय.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडा कशाचा आहे. हिशोब स्वतः करून बघा, अवघड नाही. समजा साठा 10 चौरस किलोमीटरवर पसरलाय, थर 10 मीटर, म्हणजे 10 कोटी घनमीटर खडक. त्यात छिद्रं 20 टक्के, झाले 2 कोटी. छिद्रांत 30 टक्के पाणी, उरले 1 कोटी 40 लाख. वर आल्यावर तेलातला गॅस निघून ते आकसतं, म्हणून 1.25 ने भागा, 1 कोटी 12 लाख घनमीटर, म्हणजे सुमारे 7 कोटी बॅरल. बातमीत हाच आकडा येतो! पण वर काढता येतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, 30 टक्के धरले तर 2 कोटी 10 लाख, आणि देशाला रोज 50 लाखांहून जास्त बॅरल लागतात. चार दिवसांचं तेल झालं हे.

शिवाय यातला प्रत्येक आकडा अंदाज असतो, म्हणून एकच उत्तर न देता नव्वद, पन्नास आणि दहा टक्के खात्रीचे तीन आकडे काढतात, पेपरात कुठला छापून येतो ते तुम्हीच ओळखा. 2005 मध्ये आंध्रच्या किनाऱ्यासमोरच्या कृष्णा-गोदावरी बेसिनमधल्या एका गॅस साठ्याचा आकडा 20 ट्रिलियन घनफूट जाहीर झाला होता, नंतर विकास आराखड्यात तो 2 च्या आसपास आला.



आणि तेल खरंच असलं तरी पाण्याची खोली विचाराच. मुंबई हाय उथळ पाण्यात, 1974 ला सापडलं आणि 1976 ला उत्पादन सुरू. कृष्णा-गोदावरीच्या खोल पाण्यातल्या ओएनजीसीच्या 98/2 ब्लॉकमधून पहिलं तेल यायला जानेवारी 2024 उजाडला, शोध लागून तोवर वर्षानुवर्षं गेली होती.