सागरी ऊर्जेचे यंत्र पाण्यात उतरवण्याआधी: जोखमीची तयारी

लाटांपासून किंवा भरती-ओहोटीच्या प्रवाहापासून वीज निर्माण करणारे यंत्र विकसित करताना जोखमीची नोंदवही पहिल्या आराखड्याबरोबरच उघडावी, कारण यंत्र बांधून झाल्यावर जोखीम ओळखता आली तरी परवडेल अशा खर्चात ती टाळता येत नाही. कोणता भाग कसा निकामी होईल, त्याची शक्यता आणि परिणाम किती, आणि तो रोखण्याची जबाबदारी कोणाची, हे प्रत्येक नोंदीपुढे लिहावे. जबाबदार व्यक्तीचे नाव नसलेली नोंद अपुरी समजावी.

जागेची मोजणी उधाण (सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस) आणि भांग (सर्वांत कमी भरती-ओहोटीचे दिवस) दोन्ही धरून, वेगवेगळ्या ऋतूंत करावी. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की पात्यांवरचा भार साधारण चौपट आणि पाण्यातली शक्ती आठपट होते, म्हणून वेगाच्या अंदाजातली लहानशी चूकही महागात पडते. कॅनडातील फंडीच्या उपसागरात नोव्हेंबर 2009 मध्ये बसवलेल्या 1 मेगावॉट टर्बाइनची पाती काही आठवड्यांतच तुटली. तिथला प्रवाह आराखड्यात धरला होता त्याहून जोरदार निघाला.

सुट्या भागांची परीक्षा कार्यशाळेतच, भार देऊन आणि खाऱ्या पाण्यात ठेवून घ्यावी. पोर्तुगालच्या आगुसादौरा किनाऱ्यापाशी 2008 मध्ये बसवलेली पेलामिस नावाची, लाटांपासून वीज बनवणारी 750 किलोवॉटची तिन्ही यंत्रे बेअरिंगच्या बिघाडामुळे काही महिन्यांतच बंदरात परत न्यावी लागली. संपूर्ण यंत्राची कल्पना योग्य असूनही एका भागापायी प्रकल्प थांबतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पाण्याखालच्या केबलचा कनेक्टर जोडताना खोबणीतल्या ओ-रिंगवर (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर) वाळूचा कण किंवा एखादा केस राहिला, तरी तेवढ्या फटीतून खारे पाणी आत शिरते. म्हणून ती पुसून, भिंगातून पाहून, ग्रीस लावून बसवण्याचे काम एकाने करावे आणि दुसऱ्याने तपासून सही करावी.

सर्वांत दुर्लक्षित राहते ती यंत्र परत वर काढण्याची तयारी. ऑक्टोबर 2007 मध्ये अमेरिकेतील ओरेगॉनच्या किनाऱ्यापाशी ॲक्वाबॉय हे चाचणीचे तरंगते यंत्र ठरलेल्या उचलणीच्या आदल्याच दिवशी बुडाले. आत शिरलेले पाणी उपसणारा पंप बंद पडला होता. तेव्हा उचलण्याचा सराव बंदराच्या शांत पाण्यात आधीच करावा, योग्य क्षमतेची बोट करारबद्ध ठेवावी, आणि किती उंचीच्या लाटेपर्यंत व किती वाऱ्यापर्यंत काम करायचे ते आधी लिहून ठेवावे, म्हणजे घाईच्या दिवशी त्यावर वाद होत नाही. प्रवाहाच्या जागी हे काम भांगाच्या दिवसांत, भरती-ओहोटीच्या मधल्या स्थिर पाण्यात धरावे. ती वेळ थोडी असते, त्यामुळे प्रत्येक पायरीला लागणारी मिनिटे सरावातच मोजून घ्यावीत.

परवाने, विमा आणि मच्छीमारांशी बोलणी लवकर सुरू करावीत. सागरी जीवांवरील देखरेखही आराखड्यातच बसवावी. उत्तर आयर्लंडमधील स्ट्रँगफर्ड लॉक येथील सीजेन या भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणाऱ्या टर्बाइनवर, सील हा सागरी प्राणी जवळ आल्यास यंत्र थांबवण्यासाठी सोनार (ध्वनिलहरींनी पाण्यातल्या वस्तू टिपणारे उपकरण) बसवला होता. यंत्र, नांगर आणि केबल समुद्रातून काढून नेण्याचा खर्च मात्र सुरुवातीलाच स्वतंत्र ठेवावा आणि विकासाच्या कामासाठी त्यातली रक्कम उचलू नये, कारण प्रकल्प अर्ध्यावर बंद पडला तरी यंत्र समुद्रातच राहिलेले असते.