जुन्या गाडीच्या टाकीत हवा अडते तेव्हा: तपासणी आणि दुरुस्ती

पद्मिनी किंवा अँबेसिडर स्वारगेटहून झकास निघते, कात्रजचा जुना घाट चढताना आचके देऊ लागते आणि बोगद्याच्या अलीकडे बंद पडते. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा चालू. अशा वेळी आधी कार्ब्युरेटर खोलला जातो, मग एसी पंपाचं (टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनवरच्या पंपाचं) किट बदललं जातं, आणि पुढच्या रविवारी गाडी त्याच वळणावर उभी. हा खर्च करण्याआधी टाकीचा श्वास तपासा.

पंप पेट्रोल ओढतो तेवढी हवा टाकीत आत यायला हवी. ती आली नाही की टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. गाडी थांबली की कुठून तरी हवा हळूहळू झिरपते, म्हणून ती परत चालू होते. टाकीचा पत्राही यात भरडला जातो. 60 बाय 40 सेंटिमीटरच्या पृष्ठावर दर चौरस सेंटिमीटरला फक्त 100 ग्रॅम दाबाचा फरक पडला, तरी एकूण भार 240 किलो होतो. टाकीतून ‘टण्ण’ असा आवाज येतो तो पत्रा पोटात जाण्याचा.

दोष नेमका इथेच आहे का?

गाडी बंद पडताच कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि टाकीच्या झाकणाशी टिश्यू पेपरची पट्टी धरून झाकण हळूच सैल करा. ‘फुस्स’ झालं आणि पट्टी आत ओढली गेली, तर हवा अडली आहे. पट्टी बाहेर उडाली तर ती उन्हाने तयार झालेली वाफ. उन्हाळ्यात थोडी वाफ साहजिक आहे, पण दर वेळी जोरात येत असेल तर बाहेरची वाट बंद आहे.

पट्टी हललीच नाही, आणि पंपावर ओलं फडकं टाकल्यावर गाडी चालू झाली, तर तो व्हेपर लॉक, म्हणजे इंजिनच्या उष्णतेने पंपात किंवा पाइपात पेट्रोलची वाफ होऊन अडणं. त्याचा टाकीशी संबंध नाही. पंप आणि पाइप इंजिनच्या उष्णतेपासून दूर ठेवण्याचं काम वेगळं.

आधी झाकण

पुष्कळदा गुन्हेगार हेच. मूळ झाकण हरवलं म्हणून कुलूपवालं चकचकीत झाकण बसवलेलं असतं आणि त्याला छिद्रच नसतं. किंवा रंगकाम करताना पॉलिश आणि कंपाउंड छिद्रात बसतं. जुन्या झाकणात साधारण 1 ते 1.5 मिलिमीटरचं छिद्र असतं, बहुधा आतल्या चकतीत, आणि बाहेरची वाट त्याच्या समोर नसून बाजूला असते. हे मुद्दाम आहे: हवा जाते, पण वळणावर पेट्रोल उसळून बाहेर पडत नाही. म्हणून ड्रिल घेऊन आरपार भोक पाडू नका. पावसाळ्यात पाणी थेट टाकीत जाईल. कार्ब्युरेटर क्लीनर फवारा, तारेच्या एका बारीक काडीने छिद्र मोकळं करा, वाळवा. गॅस्केट कडक झालं असेल तर नवीन घ्या. सुट्या भागांसाठी नाना पेठेत जाताना जुनं झाकण सोबत न्या आणि नव्याला छिद्र किंवा व्हॉल्व्ह आहे का, हे दुकानातच पाहून घ्या.

मग ब्रीदर पाइप

टाकीत हवा आत-बाहेर करणारा हा वेगळा पाइप सगळ्या गाड्यांना नसतो. असेल तर तो टाकीच्या वरच्या भागातून निघतो. काम मोकळ्या अंगणात करा, सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये अजिबात नको, कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि जमिनीलगत साचते. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, अग्निशामक जवळ ठेवा.

पाइप टाकीच्या बाजूने सोडवा आणि सायकलच्या पंपाने हवा मारा. कंप्रेसर टाकीला कधीही लावू नका. जुनी झाळ उकलते. हवा जात नसेल तर बाहेरचं टोक पाहा. कुंभारीण माशीने तिथे मातीचं घर केलेलं असतं, खासकरून दोन-तीन महिने उभ्या असलेल्या गाडीत. रबरी तुकडा दाबून पाहा. मऊ, फुगलेला किंवा चिकट असेल तर आतून मिटला आहे. इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये जुनं रबर असंच होतं. नवा होज एसएई जे30 आर9 दर्जाचा घ्या, मूळच्याच आतल्या व्यासाचा.

बसवताना पाइप टाकीच्या माथ्यापेक्षा वर न्या, तिथे एक वळण द्या आणि मगच खाली सोडा. मध्ये झोळ राहू देऊ नका. झोळात पेट्रोल साचतं आणि वाफेची वाट अडते; पेट्रोल पंपावर भरताना नोझल सारखं कट होत असेल तर हेही कारण असू शकतं. टोकाला बारीक पितळी जाळी लावा, स्पंज नको. एकाच दिशेने उघडणारा व्हॉल्व्ह या पाइपात टाकायचा मोह आवरा: बाहेर जाऊ देणारा व्हॉल्व्ह आत येणारी हवा रोखतो, म्हणजे मूळ दुखणं परत.

चाचणी

झाकण घट्ट लावून घाटातून खेड शिवापूरपर्यंत जाऊन या. परतल्यावर झाकण उघडताना हवा आत ओढली जायला नको. पेट्रोल गळ्यापर्यंत भरू नका: 40 लिटर पेट्रोल 15 अंशांनी तापलं की सुमारे 600 मिलिलिटर वाढतं आणि ब्रीदरमधून ठिबकतं.

टाकी आधीच चेपली असेल, पण गळत नसेल, तर पत्रा ठोकायला जाऊ नका. तिची क्षमता कमी झालेली असते आणि फ्लोट (काट्याला पातळी कळवणारा तरंगता भाग) तळाला घासू शकतो. रिकाम्या टाकीत पाच-पाच लिटर भरत काटा कुठे येतो ते लिहून ठेवा आणि तो कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात टाका.