अनुभवानंतर एमबीए : शिफारसपत्र कुणाकडून घ्याल?

महापे किंवा वागळे इस्टेटमध्ये आठ-दहा वर्षं नोकरी केल्यावर एमबीएसाठी कॅटच द्यायला हवी असं नाही. आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, बंगळूरचा ईपीजीपी हे एक वर्षाचे पूर्णवेळ अभ्यासक्रम अनुभवी लोकांसाठीच आहेत आणि तिथे जीमॅट ही प्रवेशपरीक्षा चालते. जीमॅटचे गुण 5 वर्षं ग्राह्य असतात, त्यामुळे परीक्षा आधीच उरकून ठेवा.

धांदल उडते ती अर्जासोबतच्या शिफारसपत्रांपाशी. ‘मोठ्या साहेबांची सही हवी’ हा आग्रह सोडा. डायरेक्टरने लिहिलेलं ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू’ असं चार ओळींचं पत्र काही कामाचं नाही. तुमचं रोजचं काम पाहिलेला थेट वरिष्ठ शंभर पटींनी बरा. त्यांना महिना-दीड महिना आधी भेटा, सोबत तुमच्या कामाचं पानभर टिपण द्या. ‘टीमचं नेतृत्व केलं’ एवढ्यावर थांबू नका. असं लिहा : ‘रबाळ्याच्या गोदामातून चुकीचा माल जायचा. मी रॅकवर नवे क्रमांक लावून घेतले, रात्रपाळीचा विरोध झाला, तेव्हा त्यांच्यातल्याच दोघांना तपासणीला घेतलं.’ विरोधाचा भाग गाळू नका, वाचणाऱ्याला माणूस तिथेच दिसतो.

पत्र मात्र त्यांनाच लिहू द्या. स्वतः लिहून सही घेण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, पण ती चुकीचीच. सध्याच्या ऑफिसात कळू द्यायचं नसेल, तर आधीच्या कंपनीतले वरिष्ठ चालतील का, हे संस्थेला ईमेलने आधीच विचारून घ्या.