बंपर घरीच रंगवताय? या चुका टाळा

बंपरवरचा नवा रंग नखाने पापुद्र्यासारखा निघत असेल, तर रंगाच्या डब्याला बोल लावू नका. बिघाड बहुतेक वेळा खालच्या थरात असतो. वरून कितीही रंग मारला तरी तो झाकला जात नाही.

आधी बंपर आतल्या बाजूने बघा. तिथे प्लास्टिकचा प्रकार इंग्रजी अक्षरांत उमटवलेला असतो, बहुधा पीपी किंवा पीपी-ईपीडीएम (रबर मिसळलेलं पीपी). पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. त्यावर साधा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर, धरत नाही, म्हणून जिथे उघडं प्लास्टिक दिसतं तिथे प्रायमरआधी ॲडहीजन प्रमोटरचे, म्हणजे पकड देणाऱ्या द्रवाचे, एक-दोन पातळ हात (थर) लागतातच. डब्यावर दिलेल्या वेळेतच पुढचा हात द्या, नाहीतर त्याचा उपयोग राहत नाही. मशीनने जोरात घासलं की पीपी तापतं आणि त्यावर लव उठते. ती शेवटी ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हाताने, पाणी लावून काढा.

घासण्याआधी धुणं, हा क्रम उलटा झाला की पुढे रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. पॉलिश, वॅक्स, टायर चमकवणारे स्प्रे यांतलं सिलिकॉन घासताना ओरखड्यांत मुरतं. बंपर साबणाने धुवा, मग वॅक्स-ग्रीस रिमूव्हर एका फडक्याने लावा आणि वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्या. खळगे दिसलेच तर थांबा. वाळू द्या, घासा, पुन्हा पुसा. रंग ओतून खळगा भरत नाही.

तडा गेला असेल तर नुसती वरून लांबी (पुट्टी) भरणं व्यर्थ आहे. तड्याच्या टोकांना ३ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तो पुढे सरकत नाही. समोरून व्ही आकाराची खाच करा, मागून गरम स्टेपल किंवा स्टीलची जाळी बसवा आणि पीपीच्याच सळीने जोडा. साधा इपॉक्सी गोंद पीपीवर टिकत नाही. पत्र्याची लांबीही नको, बंपर वाकला की ती चिरते. प्लास्टिकसाठीची लवचिक लांबीच घ्या.

ही लवचिक लांबी पॉलिएस्टरची असेल, तर तिच्यात हार्डनर (ती कडक करणारा घटक) साधारण २ टक्के, म्हणजे १०० ग्रॅमला २ ग्रॅम. लवकर वाळावी म्हणून जास्त घातला तर वरच्या रंगावर डाग उमटतात. अशा लांबीवर ओला पेपर चालवू नका. ती पाणी शोषते आणि काही दिवसांनी रंगाला फोड येतात. कोरडंच, ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, १२० पासून २४० आणि ३२० पर्यंत घासा. ओला ६०० नंबर प्रायमरवर वापरा. प्रायमरवर काळ्या रंगाचा अगदी हलका फवारा मारून घासलं, तर जिथे काळं राहतं तिथे खोलगट आहे हे लगेच कळतं.

रंग मारताना घाई हाच मोठा शत्रू. २० ते २५ सेंमीवरून पातळ हात, दोन हातांमध्ये १० ते १५ मिनिटांचं अंतर. जाड हात ओघळतो, आणि आत कोंडलेलं थिनर बाहेर येताना टाचणीएवढी भोकं पाडतं. ओघळ ओला असताना पुसू नका. क्लिअर कोटवरचा, म्हणजे सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावरचा असेल तर पूर्ण कडक झाल्यावर १५०० नंबरने घासून पॉलिश करा. मेटॅलिक बेस कोटमध्ये, म्हणजे त्याखालच्या चमकदार रंगाच्या थरात असेल तर ८०० ने घासून तो भाग पुन्हा रंगवावा लागतो. मेटॅलिकमध्ये पट्टे दिसले तर शेवटचा हात थोडा लांबून, हलका मारा.

दमट हवेत रंग पांढुरका पडतो, तेव्हा अशा दिवशी काम पुढे ढकला.

क्लिअर कोट दोन घटकांचा घेतला तर पेट्रोलला टिकतो, पण त्यातल्या आयसोसायनेट या रसायनामुळे दमा जडू शकतो. कापडी मास्क इथे काहीच करत नाही. योग्य श्वसन उपकरण आणि हातमोजे नसतील, तर तो हात वर्कशॉपमध्येच मारून घ्या.

बंपरमागे रडार असेल, तर त्याच्यासमोर लांबी भरू नका. जाड थर सिग्नल बिघडवतो.