आवडता म्हातारा रॉकस्टार फेस्टिव्हलला येतोय? तयारी आत्तापासून अशी करा

सगळ्यात आधी "पुढच्या वेळी येईल तेव्हा जाऊ" हा विचार डोक्यातून काढून टाका. ५ जुलै २०२५ ला इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्क स्टेडियमवर 'ब्लॅक सॅबथ' या मेटल बँडचा गायक ऑझी ऑस्बॉर्न गायला, पार्किन्सन्समुळे उभं राहून गाणं जमणार नव्हतं म्हणून सिंहासनावर बसून गायला, आणि २२ जुलैला वारला. बीटल्सवाला पॉल मॅकार्टनी २०२० च्या ग्लास्टनबरीला, म्हणजे इंग्लंडातल्या मोठ्या संगीत फेस्टिव्हलला, गाणार होता, कोविडमुळे ते वर्ष गेलं, लोकांनी दोन वर्षं थांबून २०२२ मध्ये त्याला ऐकलं, ऐंशीवा वाढदिवस होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि पठ्ठ्या अडीच तासांच्या वर गायला. दोन्ही गोष्टी लक्षात ठेवा आणि तिकीट काढून टाका, बाकीचं नंतर बघू.

आता तयारी. मी उदाहरण म्हणून इंग्लिश गायक आणि बेस गिटारवादक स्टिंगच घेतो कारण तो आपल्याकडेच आला होता, जानेवारी २०२४, महालक्ष्मी रेसकोर्स, लोलापालूझा फेस्टिव्हलचा दुसरा दिवस, वय ७२. हाच माणूस १९८० मध्ये 'द पोलिस' बँडबरोबर मुंबईत वाजवून गेलेला, तेव्हा तिशीसुद्धा गाठली नव्हती. म्हणजे गर्दीत काही जण असे की ज्यांनी त्याला कॅसेटवर ऐकलं, ऱ्हिदम हाऊस या कॅसेट-रेकॉर्डच्या दुकानात तासनतास उभं राहून कव्हरं न्याहाळली, आणि त्यांच्या बाजूला वीस वर्षांची पोरं ज्यांना ही गाणी बाबांच्या गाडीत पाठ झालीत. घरात असं कोणी असेल, बाबा, मामा, आत्या, तर त्यांचं तिकीट आधी काढा आणि मग सांगा, कारण आधी विचारलं तर "मला काय जमतंय आता एवढ्या गर्दीत" हेच उत्तर येणार.

सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे कान तयार करणं, आणि बहुतेक लोक नेमकं हेच करत नाहीत. महिनाभर जुने अल्बम लावून बसतात, पंचवीस वर्षांचा आवाज डोक्यात पक्का करतात आणि मग मैदानात पहिल्याच गाण्याला "आवाज गेला रे याचा" म्हणतात. तसं करू नका. जुना अल्बम एकदा ऐका, मग त्याच गाण्याचं गेल्या वर्षभरातलं लाइव्ह रेकॉर्डिंग शोधा आणि लगेच लावा. जुन्याबरोबर गुणगुणलात आणि मग नव्याबरोबर गुणगुणलात की बऱ्याचदा कळेल, अख्खं गाणं अर्धा किंवा एक स्वर खाली उतरवलंय, वयानुसार खूप गायक हे करतात आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. वरची ओळ पब्लिककडे सोपवलेली असते, लांब सूर तोडून लहान केलेला असतो, पण शब्द टाकायची जागा बघा, श्वास कुठे घेतो ते बघा, तिथे पन्नास वर्षांचा रियाज ऐकू येतो. सवाईला भीमसेनजींना उतारवयात ऐकलेल्या माणसाला हे समजावायची गरजच नाही, तिथे कोणी तरुणपणीची तान मागायला बसलेलं नसायचं.

गेल्या काही शोजच्या सेटलिस्ट, म्हणजे वाजवलेल्या गाण्यांच्या याद्या, बघाव्यात का? माझं स्पष्ट मत, हो. फेस्टिव्हलचा सेट स्वतःच्या टूरच्या शोपेक्षा आखूड असतो, साधारण सव्वा-दीड तास, त्यात गाजलेली गाणीच जास्त येतात. तुमचं लाडकं कोपऱ्यातलं गाणं तो हल्ली वाजवतच नसेल तर ते आधी कळलेलं बरं, नाहीतर सगळा शो त्याची वाट बघण्यात जातो. आणि शेवट कसा करतो तेही कळतं, स्टिंग त्या काळातल्या टूरवर दणदणीत गाणी संपवून शेवटी नायलॉन तारांची गिटार घेऊन एक अगदी संथ गाणं गायचा. पार्किंगमधून लवकर निघता यावं म्हणून आधीच पळालेले लोक नेमके त्याला मुकतात.

हाताकडेही बघायचं ठरवून जा. मोठ्या स्क्रीनवर क्लोजअप आला की स्टिंगचा तो बेस दिसतो, १९५७ चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन, रंग उडालेला, लाकूड उघडं पडलेलं, आणि तो अंगठ्याने तार वाजवत वर भलत्याच लयीत गात असतो. बेस एकीकडे आणि गाणं दुसरीकडे, हे एकाच वेळी करणं विशीतल्या पोरालाही जड जातं. घरी एकदा फक्त बेसकडे लक्ष देऊन दोन-तीन गाणी ऐकून जा, मैदानात मजा दुप्पट होईल.

आता शरीराचं. फेस्टिव्हल दुपारीच सुरू होतो आणि तुमचा माणूस सगळ्यात शेवटी येतो, त्यामुळे दुपारी दोनला पोचून उन्हात नाचून घेतलंत तर रात्री आठला पाय बोलायला लागतात. रेसकोर्सवर सावली जवळपास नाहीच, जानेवारीतसुद्धा दुपारचं ऊन चटकतं आणि धूळ उडते ती वेगळी. टोपी, रुमाल, जुने मळलेले बूट, आणि पाणी सतत. आईबाबांना घेऊन जात असाल तर त्यांना चारनंतरच आणा आणि पुढे घुसू नका, साउंड कन्सोलच्या आसपास जागा पकडा, इंजिनियर तिथेच बसून आवाज जुळवत असतो त्यामुळे सगळ्यात चांगलं तिथेच ऐकू येतं, गर्दीही थोडी मोकळी असते. इअरप्लग प्रत्येकाला हवेत, जागतिक आरोग्य संघटनेने अशा कार्यक्रमांसाठी सरासरी १०० डेसिबलची मर्यादा सुचवलीये आणि स्पीकरच्या तोंडाशी उभं राहिलात तर तीही ओलांडली जाऊ शकते. एसी/डीसी या रॉक बँडचा गायक ब्रायन जॉन्सन, त्याला २०१६ मध्ये कानांमुळेच बँडची टूर अर्धी सोडावी लागली होती, म्हणजे बघा.

वेळेचं एक, आपल्याकडे उघड्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकरला सहसा बंदी असते, त्यामुळे शेवटचा कलाकार वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर संपतो. "उशिराच सुरू होईल" या भरवशावर साडेआठला खाण्याच्या रांगेत उभे राहू नका, सात वाजताच खाऊन, बाथरूमला जाऊन मोकळे व्हा. मनगटाच्या बँडवर पैसे भरायची सिस्टीम असेल तर टॉप-अप दुपारीच करून ठेवा, संध्याकाळी नेटवर्कची बोंब असते. मित्रांशी भेटायची जागाही आधीच ठरवा, फोन लागेलच असं नाही.

मोबाईलवर एक गाणं रेकॉर्ड करा, घरच्यांना दाखवायला तेवढं पुरे, मग खिशात ठेवून द्या.

निघताना कॅबच्या नादाला लागू नका, दहा वाजता सगळं मैदान एकदम रस्त्यावर येतं. महालक्ष्मी स्टेशन चालत गाठा, तिथे स्लो लोकलच थांबते, लांब जायचं असेल तर दादरला उतरून फास्ट पकडा. परतीचं तिकीट येतानाच काढलेलं असू द्या. आणि शो रविवारी असेल तर सोमवारची रजा आजच टाका, बाबांची पण.