विश्वाचं प्रसरण आणि गुरुत्वाकर्षणाचा ब्रेक: स्प्रेडशीटवर मांडायचा हिशोब

विश्व प्रसरण पावतंय हे बहुतेकांना ठाऊक असतं, पण त्यात गुरुत्वाकर्षणाचा हात किती, हे आकडे मांडल्याशिवाय नीट उमगत नाही. त्यासाठी शंभर ओळींची स्प्रेडशीट आणि वर्गमूळ एवढं पुरतं. वापरायचं समीकरण अलेक्झांडर फ्रिडमन यांनी १९२२ मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेतून काढलेलं आहे.

सगळ्यात वर पाच घरं भरा. हबल स्थिरांक, म्हणजे आजच्या प्रसरणाचा दर, ७० (किलोमीटर प्रति सेकंद प्रति मेगापार्सेक; मेगापार्सेक हे अंतराचं एकक), पदार्थाचा वाटा ०.३, कृष्णऊर्जेचा (प्रसरणाला ढकलणाऱ्या ऊर्जेचा) वाटा ०.७. पदार्थात न दिसणारा कृष्णपदार्थही धरलेला आहे. हे वाटे क्रांतिक घनतेच्या (अवकाश सपाट राहायला लागणाऱ्या घनतेच्या) तुलनेत असतात, आणि ही घनता म्हणजे घनमीटरमागे जेमतेम साडेपाच हायड्रोजन अणू. चौथ्या घरात वक्रता (अवकाशाचा बाक): १ मधून दोन्ही वाटे वजा करायचे, सध्या उत्तर ०. पाचव्यात हबल काळ (सतत आजच्याच वेगाने प्रसरण झालं असतं तर लागला असता तेवढा काळ): ९७८ ला हबल स्थिरांकाने भागा, १३.९७ अब्ज वर्षं येतील. ९७८ हा आकडा फक्त एककांच्या रूपांतरातून येतो. एका मेगापार्सेकमध्ये ३.०८६ × १०¹⁹ किलोमीटर असतात आणि वर्षात ३.१५६ × १०⁷ सेकंद. पहिल्याला दुसऱ्याने भागून अब्जात मांडलं की झालं.

आता खाली चार रकाने.

पहिला रकाना विश्वाच्या आकाराचा, आजचा आकार १ धरून. सुरुवात ०.००५ पासून, पुढची प्रत्येक ओळ ०.०१ ने मोठी, शेवट ०.९९५ वर. सुरुवात ० पासून केलीत तर पहिल्याच ओळीत शून्याने भागल्याची चूक येईल. शिवाय प्रत्येक टप्प्याचा मधला बिंदू घेतला की बेरीज बरीच अचूक येते.

दुसरा रकाना प्रसरणाच्या वेगाचा: (पदार्थ ÷ आकार) + (कृष्णऊर्जा × आकाराचा वर्ग) + वक्रता, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. आजचा वेग इथे १ धरलेला आहे.

तिसरा रकाना त्या टप्प्याला लागलेल्या काळाचा: हबल काळ × ०.०१ ÷ वेग. चौथा म्हणजे तिसऱ्याची चालती बेरीज. सूत्र खाली ओढण्याआधी वरच्या पाच घरांचे संदर्भ डॉलरच्या चिन्हाने पक्के करा. ते राहिलं की संदर्भ ओळीगणिक खाली सरकतात, आणि कधीकधी तर चुकीचं उत्तरही बऱ्यापैकी खरं वाटतं. पडताळणीसाठी: पहिल्या ओळीत वेग ७.७५ आणि काळ ०.०१८ अब्ज, म्हणजे १.८ कोटी वर्षं. आकार ०.५०५ च्या ओळीत वेग ०.८७९, काळ ०.१५९. शेवटची चालती बेरीज १३.४७ च्या आसपास. हे या आकड्यांनी आलेलं विश्वाचं वय. नेहमी छापून येणारे १३.८ हवे असतील तर प्लांक उपग्रहाचे आकडे टाका: ६७.४, ०.३१५, ०.६८५.

पण बघायचा तो दुसरा रकाना. वरून खाली वाचत या. वेग ७.७५ वरून घसरत जातो, साठाव्या ओळीत (आकार ०.५९५) ०.८६७ ला टेकतो आणि तिथून पुन्हा वर चढतो. घसरण आहे ती पदार्थाच्या गुरुत्वाकर्षणाची. गुरुत्वाकर्षण प्रसरण घडवत नाही, ते प्रसरणाला आवर घालतं. मात्र आकार वाढतो तशी पदार्थाची घनता आकाराच्या घनाच्या प्रमाणात उतरते आणि आवर सैल पडतो. कृष्णऊर्जेची घनता तेवढीच राहते, म्हणून अखेर तिची सरशी होते. चौथ्या रकान्यात पाहिलं तर हा पालट सुमारे ७.३ अब्ज वर्षांवर, म्हणजे आजपासून सहा अब्ज वर्षांहून थोडा आधी. दूरच्या सुपरनोव्हांच्या (स्फोट होणाऱ्या ताऱ्यांच्या) मोजमापातून हा वाढता वेग १९९८ मध्ये लक्षात आला आणि २०११ चं नोबेल त्यालाच मिळालं. (काटेकोर बोलायचं तर कृष्णऊर्जेचं ढकलणंही सापेक्षतेच्या दृष्टीने गुरुत्वाकर्षणच आहे, ऋण दाबामुळे त्याची दिशा उलटते.)

आता वाटे बदलून पाहा. पदार्थ आणि कृष्णऊर्जा दोन्ही ० केले तर ब्रेकही नाही आणि ढकलणंही नाही. वय हबल काळाइतकंच, १३.९७. पदार्थ ०.३ आणि कृष्णऊर्जा ०: वय ११.३. पदार्थ १, कृष्णऊर्जा ०: वय ९.३. जितका ब्रेक जास्त, तितका पूर्वीचा वेग जास्त असला पाहिजे, म्हणून आजवर लागलेला काळ कमी. सगळ्यात जुन्या गोलाकार तारकागुच्छांचं वय १२ अब्ज वर्षांच्या वर जातं, त्यामुळे ९.३ चालूच शकत नाही. ही अडचण १९९८ च्या आधीही खगोलशास्त्रज्ञांना छळत होती. वक्रतेचं घर सूत्रात घ्यायचं राहिलं तर यातले पहिले दोन प्रयोग बिघडतात (तिसऱ्यात वक्रता ० च असते). खूण सोपी आहे: आकार १ ला वेग १ च आला पाहिजे.

मग पदार्थ २ करा, कृष्णऊर्जा ०, आणि ओळी आकार २ च्या पुढे न्या. १.९९५ नंतर ऋण संख्येच्या वर्गमुळाची चूक दिसेल. ती पुसू नका. विश्व तिथे थांबून आकसायला लागतं, आणि शीट तेच सांगतेय. त्या क्षणापर्यंतचा काळ मात्र शीटवर ४२.७ अब्ज वर्षं येतो, खरा आहे ४३.९. शेवटाला वेग शून्याजवळ जातो आणि ०.०१ चा टप्पा तिथे फार जाड पडतो. टप्पा लहान केलात की फरक कमी होतो.

खऱ्या दीर्घिकांकडे वळायचं तर ताम्रसृतीत (प्रसरणामुळे प्रकाश लाल रंगाकडे किती सरकला त्याच्या मापात) १ मिळवून तिचा व्यस्त घ्या, तो त्या वेळचा आकार. ताम्रसृती १ म्हणजे आकार ०.५, आधीचे ७०, ०.३, ०.७ परत टाकून ०.५०५ पासूनच्या काळांची बेरीज करा. प्रकाश ७.७ अब्ज वर्षं प्रवासात होता. याला अंतर समजू नका. आजचं अंतर हवं असेल तर प्रत्येक काळाला त्या ओळीच्या आकाराने भागून मग बेरीज करा: १०.८ अब्ज प्रकाशवर्षं. प्रारणाचा वाटा आपण सोडून दिलाय, तेव्हा पार्श्वभूमी प्रारणाच्या, म्हणजे विश्वाच्या बालपणापासून उरलेल्या प्रकाशाच्या, काळासाठी (आकार १/१०९० च्या आसपास) ही शीट वापरू नये.

जवळच्या दीर्घिकांवरही ती चालत नाही. देवयानी (अँड्रोमेडा) दीर्घिका ०.७८ मेगापार्सेकवर आहे. ७० ने गुणलं तर ती सेकंदाला ५५ किलोमीटर वेगाने दूर जायला हवी, प्रत्यक्षात सुमारे ११० ने आपल्याकडे येतेय. आकाशगंगा आणि ती एकमेकींच्या गुरुत्वाकर्षणाने बांधलेल्या आहेत. सूर्यमाला, आकाशगंगा, दीर्घिकांचे समूह यांच्या आत प्रसरण नसतंच. १०० मेगापार्सेकच्या पुढच्या दीर्घिका निवडा. तिथे प्रसरणाचा वेग सेकंदाला ७००० किलोमीटरच्या वर असतो आणि दीर्घिकांच्या स्वतःच्या काहीशे किलोमीटरच्या वेगाने गणित फारसं हलत नाही.