मिंटेजचा आकडा बघून नाणी जमवताय? मग या चुका टाळा

आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी फोटो पाठवतं. डायनिंग टेबलवर ठेवलेलं नाणं, फोटो हललेला, फ्लॅशचा गोळा बरोबर तारखेवर पडलेला आणि खाली प्रश्न, "दादा याचं मिंटेज खूप कमी आहे म्हणे, किती मिळतील?" मी हसत नाही, कारण हाच प्रश्न घेऊन मी स्वतः दोन-तीन वर्षं फिरलोय आणि त्यात बऱ्यापैकी पैसेही घालवलेत. मिंटेज म्हणजे टांकसाळीने त्या प्रकारची किती नाणी पाडली तो आकडा, बास. त्यातली आज किती उरली, चांगल्या अवस्थेत किती आहेत आणि ती कोणाला हवी आहेत का, यातलं काहीही तो सांगत नाही.

पाडली किती आणि उरली किती

सगळ्यात मोठी गडबड इथेच होते. १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया घ्या, ज्याला सगळे 'पिग रुपया' म्हणतात. राजाच्या झग्यावर हत्ती कोरलेला होता पण सोंड इतकी आखूड की तो डुकरासारखा दिसायला लागला, लोक भडकले, आणि मुंबई-कलकत्त्याला मिळून पाडलेल्या साधारण ९४ लाख रुपयांपैकी जेमतेम ७ लाख बाहेर गेले, बाकीचे परत घेऊन वितळवले. पुढच्या वर्षी हत्ती नीट केला. आता नुसतं कॅटलॉग (नाण्यांची वर्षवार यादी असलेलं पुस्तक) उघडून ९४ लाख हा आकडा वाचणारा माणूस म्हणणार हे तर कॉमन दिसतंय, आणि सोडून देणार. (जमलं तर १९११ आणि १९१२ चा रुपया शेजारी ठेवून भिंगातून बघाच, मजा येते.)

१९३९ च्या रुपयाची गोष्ट तशीच. मिंटेज कागदावर लाखांत आहे, पण १९४० मध्ये रुपयातली चांदी ९१.७ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली आणि आधीचा जास्त चांदीचा माल भट्टीत गेला, त्यामुळे आज खरा १९३९ चा रुपया हाताला लागणं म्हणजे लॉटरी. आणि म्हणूनच १९३८ च्या आठाचा नऊ केलेले नग बाजारात फिरतात. शेवटचा आकडा बाकीच्या आकड्यांपेक्षा खोल, उथळ किंवा किंचित तिरका वाटला तर हात आखडता घ्या.

कॅटलॉगमधली रेघ

ही चूक मी केलीये. कॅटलॉगमध्ये एका वर्षापुढे आकड्याच्या जागी नुसती आडवी रेघ होती, मला वाटलं अरे म्हणजे जवळपास पाडलीच नाहीत, आणि त्या वर्षाची नाणी मी दिसेल तिथून, दर्शनी किमतीच्या वीस-पंचवीसपट देऊन उचलत सुटलो. रेघेचा अर्थ शून्य नसतो, आकडा उपलब्ध नाही एवढाच असतो. तीच नाणी नंतर किराणावाल्याकडून सुट्ट्यात मिळायला लागली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कधीकधी आकड्याच्या जागी 'वरच्यात धरलेला' अशा अर्थाची इंग्रजी नोंद असते, म्हणजे दोन प्रकारांचा मिळून एकच आकडा वर दिलेला असतो. तो अर्धा-अर्धा वाटून घेऊ नका, एक प्रकार नव्वद टक्के आणि दुसरा दहा टक्के असंही असू शकतं.

तारीख म्हणजे पाडल्याचं वर्ष नव्हे

व्हिक्टोरिया राणीचा १८६२ चा रुपया जुना बाजारात हमखास दिसतो, आणि विकणारा हमखास सांगतो, "साहेब, एकाच वर्षाचा माल आहे." खरं तर १८६२ ही तारीख पुढे १८७४ पर्यंत तशीच ठेवली होती आणि मुंबईच्या टांकसाळीने नेमकं वर्ष कळावं म्हणून बारीक ठिपके टाकले. म्हणजे १८६२ हे वर्ष नाहीच, बारा-तेरा वर्षांचा आख्खा कालखंड आहे, आणि रेअर-कॉमन ठरतं ते ठिपक्यांवरून. ठिपके न मोजता १८६२ घेणं म्हणजे पोत्यातला आंबा न बघता घेणं.

मिंट मार्क न बघणं, किंवा बघून भलताच अर्थ काढणं

सुट्ट्या पैशांतून नाणी जमवणाऱ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश. मिंट मार्क म्हणजे नाणं कुठल्या टांकसाळीचं ते सांगणारी खूण, ती तारखेखाली बघायची. चौकोनी हिरा असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, गोल ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता. हे 'काहीच नसेल' वालं लोकांच्या पचनी पडत नाही. "मिंट मार्कच नाहीये, एरर कॉईन आहे!" (म्हणजे पाडताना चूक झालेलं नाणं) असे मेसेज येतात. बाबा रे, कोलकात्याने खूण टाकलीच नाही, ती त्यांची पद्धत आहे, आणि अशी नाणी कोट्यवधी आहेत.

उलटंही होतं. नोएडाचा ठिपका घाण समजून लोक टोकदार काहीतरी घेऊन खरवडतात. जुन्या नाण्यांवर हैदराबादने दुभंगलेला हिरा आणि आत ठिपका असलेला हिराही वापरलाय, तो घाईत मुंबईचा म्हणून नोंदला जातो आणि मग आपण चुकीच्या ओळीतलं मिंटेज वाचत बसतो. आणि १९८५ चा एक रुपया, तारखेखाली 'एच' असलेला. एच म्हणजे हैदराबाद असं ठणकावून सांगणारे मला भेटलेत. तो इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा एच आहे, तेव्हा आपल्या टांकसाळींना मागणी झेपत नव्हती म्हणून बाहेरून नाणी पाडून आणली. "विदेशी टांकसाळ, अतिदुर्मिळ" म्हणून विकतात, पण हे नाणं कोटींच्या घरात आलंय.

दहापट मोठं दाखवणारं भिंग दोन-तीनशेत मिळतं. मोबाईलचा झूम बऱ्याचदा ताऱ्याचा ठिपका करून टाकतो.

अजून एक, एकाच वर्षी दोन डिझाईन असू शकतात. २०११ चा एक रुपया हाताच्या मुद्रेचाही आहे आणि नव्या ₹ चिन्हाचाही. '२०११ चं मिंटेज' असा एकच आकडा कोणी तोंडावर फेकला तर आधी विचारा, कुठल्या डिझाईनचं आणि कुठल्या टांकसाळीचं.

मग आकडा कामाचा कधी?

जिथे टांकसाळ डिझाईनवार आकडे नीट जाहीर करते आणि नाणं खरंच लोकांच्या हातात फिरलेलं असतं तिथे. ब्रिटनचं २००९ चं क्यू गार्डन्सचं (लंडनची वनस्पती बाग) ५० पेन्स हे याचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण, फक्त २,१०,००० पाडली. पाच वर्षं ती चॉकलेट आणि पार्किंगच्या पैशांत खर्च होत राहिली, २०१४ मध्ये आकडा बातम्यांत आला आणि एकदम झुंबड उडाली. तुमचे काका-मावशी लंडनहून येताना मूठभर चिल्लर आणत असतील तर बघायला हरकत नाही, फक्त तारीख २००९ हवी, कारण हेच डिझाईन २०१९ मध्ये पुन्हा काढलंय. आणि खोटी इतकी आहेत की ऑनलाईन घेताना दहादा विचार करा.

आपल्याकडची १०० रुपये, १५० रुपये, १००० रुपये अशी स्मारक नाणी यात मोजू नका. त्यांचं मिंटेज कमी असतंच, कारण ती चलनात सोडलेलीच नाहीत, डबीत घालून जास्त किमतीला विकलीत. ज्याला हवं होतं त्याने घेतलं आणि कपाटात ठेवलं, त्यामुळे जवळजवळ सगळी टिकून आहेत.

आईची चिंच

माझ्याकडे एक तांब्याचं नाणं होतं, छान चॉकलेटी रंग चढलेला, अक्षरं धारदार. देवाची भांडी घासताना आईने तेही चिंच-मीठ लावून लख्ख करून दिलं. इतकं प्रेमाने केलं होतं की मी काही बोललो नाही. पण ज्याला दाखवलं त्याने एका नजरेत सांगितलं, घासलंय, आणि किंमत निम्म्याच्या खाली. नाणं घासायचं नाही. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, सोडा, काहीच नाही. धूळ असेल तर साध्या पाण्यातून काढून मऊ कापडावर टिपायचं, चोळायचं नाही.

रोजच्या तक्रारी

नाण्यावर हिरवट चिकट थर आला? बहुतेक वेळा स्वस्त, मऊ पीव्हीसीच्या पाकिटांचा प्रताप असतो, पाकीट आधी बदला. जुने ॲल्युमिनियमचे पैसे पांढरे पडतायत? पावसाळ्याची दमट हवा, सिलिका जेलची पुडी ठेवा आणि डबा दर महिन्याला उघडून बघा. पाच रुपयाचं वजन कॅटलॉगशी जुळत नाही? जाड, तांबं-निकेलचं ९ ग्रॅमचं असतं आणि नंतरचं स्टीलचं साधारण ६ ग्रॅमचं. काही स्मारक नाणी दोन्ही धातूंत निघालीत आणि त्यांची नोंद वेगवेगळी असते. लोहचुंबक लावा, चिकटलं तर स्टील.

"वैष्णोदेवीच्या पाच रुपयाचे दहा लाख" वाली जाहिरात बघून फोन केलात आणि समोरचा रिझर्व्ह बँकेच्या नावाने आधी फी, कमिशन किंवा टॅक्स मागतोय? फोन ठेवा. बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कमिशन घेत नाही. ऑनलाईन लिहिलेली किंमत ही मागणाऱ्याची इच्छा असते, नाणं खरंच कितीला गेलं ते लिलावाच्या निकालात बघा.

आणि अमेरिकेतल्या भाच्याला वाढदिवसाला पिग रुपया पोस्टाने पाठवायचा बेत असेल तर थांबा, शंभर वर्षांवरची नाणी १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात येतात आणि परवानगीशिवाय देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

मला फोटो पाठवणार असाल तर दोन्ही बाजू, तारखेचा जवळून एक, आणि सोनाराकडच्या काट्यावरचं वजन. फ्लॅश बंद करून, खिडकीपाशी.